पुराच्या रेघेपासून वर : प्रागमधले पाच दिवस

दिवस पहिला

ड्रेस्डन ते प्राग हा रेल्वेचा प्रवास जेमतेम अडीच तासांचा, पण गाडी एल्ब नदीचा काठ धरून जाते म्हणून मी सगळा वेळ खिडकीशीच बसले होते. वालुकाश्माचे उभे कडे, मधेच एखादं गाव, उतरत्या छपरांची घरं. सरहद्द ओलांडली की हीच नदी लाबे होते. पुढे मेल्निकजवळ व्लतावा तिला येऊन मिळते आणि मग गाडी व्लतावेच्या काठानं प्रागकडे निघते. पुलांच्या खांबांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा दिसतात का, हे मी बघत होते. सांगलीच्या माणसाला ती सवयच लागते.

आमचा वाडा गावभागात होता. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा वाड्याची मागची भिंत बसली. पुढच्या उन्हाळ्यात वाडा उतरवावा लागला. तेव्हापासून जागा मोकळी आहे. मी एकतीस वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली, त्यामुळे धाकट्या भावाचं म्हणणं साधं होतं : "ताई, आयुष्यभर लोकांचे नकाशे काढलेस, आता आपला काढ." दोन वर्षं झाली, कागद बोर्डावर लावलेला आहे आणि त्यावर मोजमापाची चौकट सोडून काही नाही. जुन्यासारखं बांधायचं की आजचं, हेच ठरत नव्हतं.

भाची ड्रेस्डनला नोकरी करते. तिनं बोलावलं तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की मला प्राग बघायचंय, आणि वयाच्या क्रमानं बघायचंय. आधी सगळ्यांत जुनी इमारत, मग त्यानंतरची, असं करत आजपर्यंत. ती म्हणाली, "मावशी, क्रमानं नाही बघता येणार. सगळं एकमेकांत शिरलंय तिथं."

ते स्टेशनवरच कळलं. आपण उतरून खालच्या दालनात येतो ते १९७० च्या दशकातलं : रुंद, बुटकं, दुकानांनी भरलेलं. तिथून जिने चढून वर गेलं की एकदम योसेफ फांटानं १९०१ ते १९०९ या काळात उभारलेलं जुनं स्टेशन लागतं. घुमटाखाली अर्धवर्तुळाकार दालन, रंगीत काचा, पानाफुलांच्या वळणांत गुंतलेल्या स्त्रियांच्या मूर्ती, आणि लॅटिनमध्ये लिहिलेलं : प्राग, नगरांची माता. आर्ट नूव्हो शैलीचा हा असा नमुना, आणि बहुतेक प्रवासी खालूनच बाहेर पडतात. आम्ही सामान घेऊन वर बराच वेळ थांबलो. म्हणजे माझी सुरुवात नवव्या शतकाकडून व्हायच्या ऐवजी विसाव्यातून झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दिवस दुसरा

सकाळी राष्ट्रीय नाट्यगृहापाशी ट्रामनं उतरून मागच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती, आणि एका कोपऱ्यावर, त्यांच्या गुडघ्याएवढी, एक गोल दगडी वास्तू. हा पवित्र क्रूसाचा रोटुंडा, म्हणजे गोल देऊळ. अकराव्या शतकाची अखेर किंवा बाराव्याची सुरुवात. वर्तुळाकार गाभारा, त्याला चिकटलेला छोटा अर्धवर्तुळाकार कोनाडा, शंकूसारखं छप्पर आणि वर उजेडासाठी लहानशी बुरुजी. रोमनेस्क शैलीत खिडकी म्हणजे जवळजवळ भोक असतं, कारण भार सगळा भिंतीवर. भिंत जाड ठेवायची आणि तिला शक्यतो हात लावायचा नाही. दगड पिवळसर, हलका, विटेपेक्षा थोडा मोठा कापलेला. चेक लोक त्याला 'ओपुका' म्हणतात. १८६० च्या दशकात हा रोटुंडा पाडायचं ठरलं होतं, कलावंतांनी पुढाकार घेऊन तो वाचवला. मी त्या दगडावर तळहात ठेवला. उन्हानं कोमट झाला होता.

दुपारी जेवायला जुन्या शहरातल्या एका तळघरात गेलो. बटाट्याचं आणि रानआळंब्यांचं सूप, त्यात कसलासा सुका पाला चुरलेला. भाचीनं आधी विचारून घेतलं की यात मांस नाही ना. पण सूप येईपर्यंत माझं लक्ष छताकडे गेलं होतं. कमानीचं छत, मध्ये आखूड जाड खांब, आणि भिंतीत पुन्हा तोच पिवळा ओपुका. तळघराला एवढं घडीव दगडकाम कोण करतं? उत्तर असं की हे तळघर नव्हतंच. बाराव्या शतकात हा घराचा तळमजला होता, रस्त्याच्या पातळीवर. व्लतावेचा पूर सारखा घरात यायचा म्हणून तेराव्या शतकात लोकांनी जुन्या शहराची जमीनच भराव घालून दोन-तीन मीटर उंच केली. तळमजले जमिनीखाली गेले आणि त्यांच्याच डोक्यावर गॉथिक घरं उभी राहिली. पुढे शैली बदलत गेल्या तसा त्यांनाच कधी रेनेसाँचा दर्शनी भाग मिळाला, कधी त्यानंतरच्या बरोकचा. रस्त्यावरून जे घर अठराव्या शतकातलं वाटतं त्याचं जोतं सहाशे वर्षं आधीचं असू शकतं.

हे ऐकून मी चमचा खाली ठेवला. आमच्याकडेही पुरानंतर लोक भराव घालतात, जोतं उंच घेतात. पण भरावात काय जातं ते कोणी बघत नाही. आमच्या वाड्याचे घडीव दगड कुठल्याशा भरावातच गेले.

संध्याकाळी जुन्या ज्यू वस्तीत गेलो. 'जुनं-नवं सिनगॉग' सुमारे १२७० मधलं, आणि आजही तिथं प्रार्थना होते. आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, कारण भोवतालचे रस्ते वर आले आणि सिनगॉग आपल्या जागी राहिलं. इथं गॉथिक पहिल्यांदा जवळून दिसलं. दोन अष्टकोनी खांब, त्यांच्यातून निघणाऱ्या दगडी फासळ्या छतभर पसरलेल्या. भार आता फासळ्यांवरून खांबांवर उतरतो, त्यामुळे भिंतीला उंच अरुंद खिडक्या परवडतात. एका खणात चार फासळ्या पुरेत, इथं मात्र पाच आहेत. चार फासळ्यांनी क्रूसाचा आकार होतो म्हणून पाचवी घातली असं सांगतात. तो हेतू असो वा नसो, खालून बघताना ती पाचवी फासळी छताला जो किंचित तोल देते तो फार सुंदर आहे.

बाहेर आलं की लगेच पारिझ्स्का रस्ता. रुंद, झाडांचा, दोन्ही बाजूंना १९०० च्या आसपासच्या श्रीमंत इमारती, प्रत्येकीला घुमट्या, पुतळे, नक्षीदार सज्जे. १८९३ मध्ये कायदा करून ही दाट, रोगट ज्यू वस्ती पाडायचं ठरलं. सहा सिनगॉगं, ज्यूंचा टाउन हॉल आणि दफनभूमी उरली, बाकीच्या गल्ल्या नकाशावरून गेल्या. वस्तीची अवस्था वाईट होती, तिथं माणसं कोंबल्यासारखी राहत होती, हे मला मान्य आहे. तरी त्या देखण्या रस्त्यावर मी रमले नाही. प्रागमध्ये पुरानं, आगीनं, युद्धानं जागा मोकळी केली, तिथं लोकांनी जे वाचलं ते धरून बांधलं. इथं माणसांनीच जागा मोकळी केली, आणि धरायला जवळजवळ काही ठेवलं नाही.

रात्री चार्ल्स पुलावर. त्याआधी इथं युदित पूल होता, बाराव्या शतकातला, दगडी. १३४२ च्या पुरात तो कोसळला. राजा चौथ्या चार्ल्सनं १३५७ मध्ये नव्या पुलाचा पाया घातला, जुन्यापेक्षा उंच आणि रुंद. लांबी ५१६ मीटर, सोळा कमानी, वालुकाश्म. पूल पुरा व्हायला पंधरावं शतक उजाडलं. पुलाच्या पलीकडच्या टोकाला दोन मनोरे आहेत, एक उंच, एक ठेंगणा. ठेंगणा मनोरा पडलेल्या युदित पुलाचा. नवा पूल बांधताना त्यांनी तो काढला नाही, कमानीनं शेजारच्याला जोडला. १८९० च्या पुरात नव्या पुलाच्याही तीन कमानी गेल्या आणि दोन वर्षांत पुन्हा बांधल्या. कठड्यावरचे तीस पुतळे बहुतेक बरोक काळातले, सर्वांत जुना १६८३ चा. एका पुलावर चार काळ. गर्दी खूप होती, पण पाण्याचा आवाज खालून येतच होता.

दिवस तिसरा

आजचा दिवस किल्ल्याचा. बावीस नंबरची ट्राम डोंगर चढून वर सोडते. सकाळी आठच्या आधी पोहोचलो म्हणून अंगण मोकळं मिळालं.

सेंट व्हायटस कॅथीड्रलसमोर उभं राहिलं की मान मागे टाकावी लागते. १३४४ मध्ये प्रागला आर्चबिशपचं पीठ मिळालं, आणि त्याच वर्षी पाया घातला. पहिला स्थपती फ्रान्समधून आणलेला, आरासचा मातीआस. १३५२ मध्ये तो गेला. पूर्वेची काही प्रार्थनादालनं तेवढी उभी होती. मग चार्ल्सनं काम कोणाच्या हाती दिलं? तेवीस वर्षांच्या पेटर पार्लरच्या. १३५६ मध्ये तो आला. मी नोकरीला लागले तेव्हा जवळपास तेवढीच होते आणि दुसऱ्याच्या रेघेवर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ ओढत होते. पार्लरनं तळाची आखणी मातीआसची ठेवली, पण छताला पोहोचल्यावर स्वतःचा विचार केला. तोवर फासळ्या एकेका खणात गुणाकाराच्या खुणेसारख्या बसायच्या आणि छताचे खण वेगवेगळे दिसायचे. पार्लरनं त्या दुहेरी करून तिरक्या अशा धावत नेल्या की सगळं छत एका जाळीसारखं विणलं गेलं. नजर खणाखणांत अडत नाही, सरळ वेदीपर्यंत वाहत जाते. चारशे-पाचशे माणसं खाली चालत असताना मी भिंतीशी उभी राहून ती जाळी वहीत उतरवायचा प्रयत्न केला. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमली.

वर, कमानी आणि खिडक्या यांच्या मधल्या अरुंद गॅलरीत, एकवीस दगडी चेहरे आहेत. राजा, राण्या, आर्चबिशप, आणि त्यांच्याच रांगेत मातीआस आणि पार्लर. खालून ते नीट दिसत नाहीत. पण चौदाव्या शतकात राजाच्या ओळीत गवंडीकामाच्या धन्याचा चेहरा बसवला, यानं मला फार आनंद झाला.

१४१९ नंतर हुसाइट युद्धांनी, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या लढायांनी, काम थांबलं. अर्ध्या कॅथीड्रलला पश्चिमेकडून तात्पुरती भिंत घातली गेली, आणि ती 'तात्पुरती' भिंत साडेचारशे वर्षं राहिली. दक्षिणेचा मोठा मनोरा बघा : खाली पार्लरच्या काळाचं गॉथिक, वर रेनेसाँची गॅलरी, डोक्यावर बरोकची कांद्यासारखी टोपी. एकोणिसाव्या शतकात लोकांनी संस्था काढून कॅथीड्रल पुरं करायचं मनावर घेतलं. आधी योसेफ मोकर, मग कामिल हिल्बर्ट. पश्चिमेचे दोन टोकदार मनोरे आणि पुढचा अर्धा भाग त्या काळातला, नव-गॉथिक. १९२९ मध्ये कॅथीड्रल पुरं झालं, म्हणजे ५८५ वर्षांनी. सांगलीचा आयर्विन पूलही १९२९ चाच. हे मी भाचीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपला पूल आणि हे देऊळ एकाच वर्षी पुरं झालं!" खरंच आहे ते.

नव्या अर्ध्या भागाबद्दल माझं मत सांगायचं तर त्याच्या दगडी रेघा फार नीटनेटक्या आहेत. पार्लरच्या रेघेत हाताचा कंप आहे, मोकरच्या रेघेत पट्टी दिसते. पण त्याच भागात डाव्या हाताला चित्रकार आल्फोन्स मुखाची १९३१ ची खिडकी आहे, आणि तिथं मी हरले. इतर खिडक्यांत रंगीत काचांचे तुकडे शिशानं जोडलेले, ही मात्र मुख्यतः काचेवर रंगवलेली. मध्ये लाल-सोनेरी, कडेला निळं होत जाणारं. दर्शनी भिंतीवर तर काम पुरं करणाऱ्यांचे चेहरे विसाव्या शतकाच्या कोटांत कोरलेत. चौदाव्या शतकाचं काम पुरं करताना त्यांनी आपला काळ लपवला नाही.

शेजारी सेंट जॉर्जचं मंदिर. बाहेरून लालसर बरोक मुखवटा, आत गेलं की पुन्हा उघडा ओपुका. स्थापना ९२० च्या सुमाराची, ११४२ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं. इथं थांबायला वेळ कमी मिळाला, कारण मला व्लादिस्लाव सभागृह गाठायचं होतं.

या सभागृहाचं चित्र मी शिकत असताना एका फाटक्या पुस्तकात पाहिलं होतं. १४९३ ते १५०२, स्थपती बेनेडिक्ट रीड. ६२ मीटर लांब, १६ मीटर रुंद, १३ मीटर उंच, आणि मध्ये एकही खांब नाही. घोड्यावरच्या झुंजी पावसात आत खेळता याव्यात म्हणून शेजारी घोडे चढतील असा रुंद जिना आहे. छताच्या फासळ्या भिंतीतून वेलासारख्या फुटतात, वळतात, एकमेकींना ओलांडून फुलाच्या पाकळ्या होतात. दगड इतका मऊ वागू शकतो यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. ही गॉथिकची अगदी अखेर. आणि त्याच भिंतीत खिडक्या बघा : चौकोनी, मोठ्या, बाजूला अभिजात स्तंभ, वर सरळ पट्टी आणि त्यावर साल कोरलेलं, १४९३. या रेनेसाँच्या खिडक्या. इटलीत हे सगळं रुळलं होतं, प्रागला नुकतंच पोहोचलं होतं. एकाच माणसानं, एकाच खोलीत, छत जुन्या भाषेत घातलं आणि खिडक्या नव्या. कुठला नियम आधीचा, कुठला नंतरचा, हा माझा क्रम इथं पार कोलमडला, आणि खोली मात्र एकसंध आहे. मी बाकावर बसून राहिले. भाचीनं पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की डोळे भरून आलेत.

या सभागृहालगतच्या खोल्यांत जमिनीच्या नोंदींच्या मोठ्या वह्या ठेवत. २ जून १५४१ ला खालच्या माला स्त्राना भागात आग लागली, ती किल्ल्यापर्यंत चढली, आणि त्या वह्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. एका दिवसात राज्याचे सातबारे गेले असं समजा. घरंही गेली. मोकळ्या झालेल्या जागांवर इटालियन गवंडी आणि स्थपती आले. त्यांची वस्ती असलेला रस्ता आजही 'व्लाश्स्का', म्हणजे इटालियन रस्ता. किल्ल्याबाहेरच्या चौकातला श्वार्त्सेनबेर्क महाल त्या काळातला. दुरून वाटतं की भिंतीवर टोकदार दगड बसवलेत. जवळ गेलं की भिंत सपाट. हे स्ग्राफितो : खाली गडद रंगाचा गिलावा, वर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच वरचा थर खरवडून काढलेली नक्षी. या पाकिटासारख्या चौकोनांना चेक लोक 'छोटी पत्रं' म्हणतात. चुना वाळायच्या आत रेघ उठली पाहिजे, चुकली तर पुसता येत नाही. त्या कारागिरांच्या हाताला माझा नमस्कार.

उतरताना राणी आनाचा बागमहाल. १५३८ मध्ये सुरू झाला, पहिल्या फर्डिनांडनं राणीसाठी बांधायला घेतला. १५४७ मध्ये ती गेली, महाल पुरा झाला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. नाजूक कमानींची रांग, वर उलट्या नावेसारखं तांब्याचं हिरवं छप्पर. चेरीची शेवटची फुलं गवतावर पडली होती. आम्ही तिथं बसून सांगलीचं भडंग खाल्लं.

दिवस चौथा

पाय दुखत होते, म्हणून आज कमी चाललो. १६१८ मध्ये त्याच व्लादिस्लाव सभागृहालगतच्या खोलीच्या खिडकीतून प्रोटेस्टंट सरदारांनी कॅथलिक अधिकाऱ्यांना खाली फेकलं. १६२० मध्ये पांढऱ्या डोंगराच्या लढाईत प्रोटेस्टंट सरदार हरले, आणि २१ जून १६२१ ला सत्तावीस जणांना जुन्या शहराच्या चौकात मारलं. फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत, लोक नकळत त्यावरून चालतात. प्रागचं बरोक या पराभवानंतर आलं, जिंकलेल्यांच्या पैशानं आणि श्रद्धेनं. हे ठाऊक असताना ते बघणं अवघड जातं.

तरीही माला स्त्रानाच्या सेंट निकोलस चर्चमध्ये गेले आणि गप्प झाले. बापानं, क्रिश्टोफ डिन्त्सेनहोफरनं, पुढचा भाग बांधला. मुलानं, किलिआन इग्नात्सनं, वेदीचा भाग आणि घुमट. घंटेचा मनोरा आन्सेल्मो लुरागोनं १७५० च्या दशकात पुरा केला. भिंती सरळ नाहीत, लाटेसारख्या आतबाहेर होतात, आणि छतावरच्या चित्रात खरी कमान कुठं संपते आणि रंगवलेली कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. व्हिएन्नात मोत्सार्ट गेला तेव्हा डिसेंबर १७९१ मध्ये त्याच्यासाठी इथं प्रार्थना झाली. मला या शैलीचा थाट थोडा जड होतो. पण बापाची लय मुलानं पुढं नेली ती ऐकू येते, आणि ती खरी आहे.

संध्याकाळी राष्ट्रीय नाट्यगृह. १८६८ मध्ये पायाचे दगड बसले, ते देशातल्या मानाच्या डोंगरांवरून आणलेले. पैसा गावोगावच्या वर्गणीचा. स्थपती योसेफ झीतेक, शैली नव-रेनेसाँ. जून १८८१ मध्ये उघडलं आणि ऑगस्टमध्ये जळालं. ४७ दिवसांत लोकांनी पुन्हा पैसे उभे केले. योसेफ शुल्ट्सनं काम पुरं केलं आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. रंगमंचाच्या वर लिहिलंय : राष्ट्राकडून स्वतःला. आम्हाला सर्वांत वरच्या सज्जातली तिकिटं मिळाली. गाणं कळलं नाही, ती अक्षरं पूर्ण वेळ दिसत होती.

दिवस पाचवा

जी शैली वास्तूत फक्त चेकांनी आणली ती बघायची राहिली होती : क्युबिझम. पिकासोची चित्रं पॅरिसची, पण क्युबिस्ट घरं बघायला प्रागलाच यावं लागतं. १९११ मध्ये पावेल यानाकनं लेख लिहून मांडलं की उभी आणि आडवी रेघ हे वजनाचं काम, तिरकी रेघ ही पदार्थावर चालणारी शक्ती. स्फटिक बघा, असं तो म्हणाला.

सकाळी काळ्या मादोनाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, घरापाशी गेलो. योसेफ गोचार, १९११-१२. आत काँक्रीटचा सांगाडा, म्हणून मोठ्या खिडक्या, आणि दर्शनी भागाला हलके कोन पाडलेले. दरवाजाच्या वर, कोपऱ्यावर, जाळीत काळी मादोना आहे. ती या जागेवरच्या आधीच्या बरोक घराची. नवं घर पूर्ण आपल्या काळाचं, आणि कोपऱ्यावर जुन्या घराची मूर्ती. मी रस्त्याच्या पलीकडून खूप वेळ बघत होते. माझ्या कोऱ्या कागदावर पहिल्यांदा काहीतरी दिसायला लागलं होतं.

मग व्हिशेह्राडच्या टेकडीखाली नेक्लानोवा रस्त्यावर योसेफ होखोलची चाळीसारखी भाड्याची इमारत, १९१३-१४. जागा सुरीच्या टोकासारखी निमुळती. साध्या माणसांच्या घरांसाठी त्यानं कोपऱ्यावर एक सडपातळ खांब वरपर्यंत नेला, आणि तो छपराखाली तिरक्या कंगोऱ्यांत असा उमलतो की थेट गॉथिक छताची आठवण येते. क्युबिस्टांना बोहेमियातली ती घडीघडीची गॉथिक छतं ठाऊक होती. पाचशे वर्षं मागं जाऊन उचललेली रेघ, आणि घर मात्र कोणाचीच नक्कल नाही. संबंध प्रवासातली ही माझी सर्वांत लाडकी इमारत.

यानंतरचं पटापट पाहिलं. १९२०-३० च्या दशकांतला सरळ, पांढरा, काचेचा फंक्शनलिझम. वेन्सेस्लास चौकातलं बाटाचं दुकान १९२९ चं, आणि आपल्याला बाटा म्हणजे शाळेचे बूट. चेक मातीत जन्मलेला, प्रागमध्ये शिकलेला आन्तोनिन रेमंड पुढे पुदुच्चेरीला गोलकोंड हे निवासस्थान बांधून गेला, त्याच्या भिंतीभरच्या झडपा मी तरुणपणी मन लावून आखल्या होत्या. समाजवादी काळातल्या पॅनेलच्या वसाहती ट्राममधून दिसल्या. भाचीला त्या उदास वाटल्या. मला सज्जांवर वाळणारे कपडे दिसले.

नदीकाठच्या नाचऱ्या घरासमोर आलो तेव्हा ऊन कललं होतं. १४ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकन विमानांचे बाँब प्रागवर पडले, त्यात या कोपऱ्यावरचं घर गेलं. पुढं जवळजवळ पन्नास वर्षं ती जागा रिकामी होती. शेजारचं घर हावेल कुटुंबाचं. व्हाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाल्यावर व्लादो मिलुनिच आणि फ्रँक गेरी यांनी इथं हे बांधलं, १९९६ मध्ये पुरं झालं. एक काचेचा, कमरेत वाकलेला मनोरा आणि त्याला धरून उभा दगडी रंगाचा दुसरा. काँक्रीटची ९९ पॅनेलं, प्रत्येक वेगळ्या आकाराचं. सुरुवातीला पुष्कळांना ते आवडलं नव्हतं. मी मात्र शेजारच्या घरांशी त्याची मापं ताडून बघितली. त्यानं रस्त्याची रेघ सांभाळलीय, उंची सांभाळलीय, आणि मग जे काय नाचायचं ते नाचलंय.

गाडी रात्रीची होती. शेवटचा तास चार्ल्स पुलापाशी काढला. जुन्या शहराच्या बाजूला, पुलालगतच्या घाटाच्या भिंतीत, पाण्याकडे तोंड करून एक दगडी दाढीवाला चेहरा बसवलेला आहे. ब्रादाच त्याचं नाव. १३४२ मध्ये पडलेल्या युदित पुलाचा हा तुकडा. पूर कितपत चढलाय ते लोक शतकानुशतकं त्याच्यावरून ठरवत आले : पाणी दाढीपर्यंत आलं तर काठ जाणार, टकलाच्या वर गेलं तर चौकात नावा. कठड्यावरून पुरतं वाकल्याशिवाय तो दिसत नाही. भाचीनं माझी ओढणी धरून ठेवली आणि मी वाकून पाहिलं. पाणी त्याच्यापासून बरंच खाली, शांत वाहत होतं.

तिथूनच भावाला फोन लावला. सांगलीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

"अरे, झोपला होतास का?"

"नाही ताई, बोल. बरी आहेस ना?"

"बरी आहे. आपल्या दिंडीदरवाजाचा उंबरा आहे ना रे अजून? तो काळा दगड?"

"आहे की. आंब्याखाली पडलाय. त्या दिवशी दगड न्यायला आला होता तो माणूस विचारत होता, नेऊ का म्हणून."

"देऊ नकोस. आणि त्या खांबावर एकोणीस सालची पाण्याची रेघ होती, तो खांब?"

"खांब गेला ताई. पण रेघ किती उंचीवर होती ते मी लिहून ठेवलंय."

"किती?"

तो कागद शोधायला उठला. मी वही उघडून, पेन्सिल धरून थांबले.